कडी कोणी लावली

बायजाबाईला लकवा झाला तेव्हा बोनकोड्यातल्या बायका सखूकडं बघून हळहळल्या. घरात दोन लहान मुलगे, नवरा तुर्भ्याच्या कारखान्यात पाळीवर, आणि आता ही अंथरुणाला खिळलेली सासू. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. तोंडातून नुसता ‘बा बा’ एवढाच आवाज निघायचा. बायका म्हणाल्या, सखूच्या नशिबाला काय काय आलं बघा. सखूनं मान खाली घातली आणि पदर तोंडावर धरला. पदराआड ती रडत नव्हती. म्हातारी आपल्या हातात आली, एवढंच तिच्या मनात येत होतं.

हे त्र्याऐंशी सालचं. त्याच्या अकरा वर्षं आधी सखूची पहिली मुलगी गेली होती. गोजरा तिचं नाव, सात महिन्यांची. तीन दिवस ताप उतरेना, चौथ्या दिवशी पहाटेपासून आकडी येऊ लागली. सखू माहेरची सानपाड्याची, तिच्या भावाच्या पोराला असाच ताप आला तेव्हा त्यांनी त्याला ठाण्याला नेलं होतं आणि पोर वाचलं होतं. तिनं गोजराला चादरीत गुंडाळलं. बांधावरून चालत हमरस्त्यावर जायचं, एस.टी. धरायची, तासाभरात ठाणं. पण बायजाबाईनं भगताला निरोप धाडला होता. तो येईपर्यंत पोर उंबऱ्याबाहेर जायची नाही, असं तिनं बजावलं. सखू पैशांची पिशवी घ्यायला आतल्या खोलीत गेली, पोर कडेवरच होती, आणि मागून दाराला बाहेरून कडी पडली.

तिनं दार ठोठावलं. लाथा मारल्या. ओरडून घसा बसला. भगत आला तेव्हा दुपार झाली होती, आणि कडी निघाली तेव्हा गोजरा तिच्या मांडीवर थंड पडली होती.

संध्याकाळी ओटीवर सगळी भावकी जमलेली असताना बायजाबाई म्हणाली, “हिच्या दुधानं पोर खाल्ली.”

ते वाक्य गावात राहिलं. सखू विहिरीवर गेली की लेकुरवाळ्या बायका पोरांवर पदर घ्यायच्या. बारशाला तिला बोलावणं यायचं नाही. आणि त्या दिवसापासून बायजाबाई तिच्याशी एक शब्द बोलली नाही. काही हवं असलं की ती आपल्या लेकाला, सखूच्या नवऱ्याला, कान्हाला सांगायची, “तिला सांग, भात कच्चा हाय.” सखू हातभर अंतरावर बसलेली असायची, तरी कान्हा मान वळवून सांगायचा, “आय म्हनते, भात कच्चा हाय.” पुढं मुलगे झाले, बोलायला लागले, तेव्हा निरोप त्यांच्या तोंडून येऊ लागले. नव्या शहरासाठी शेतं गेली, खाडीकडच्या जमिनीवर खांब आणि रस्ते आले, कान्हानं नांगर सोडून कारखान्याचा पास खिशात घातला. घरातलं ‘तिला सांग’ तेवढं तसंच राहिलं.

आणि आता बायजाबाईची वाचाच गेली होती.

तिचं बोलणं कोणालाच कळत नव्हतं. कान्हा तिच्या तोंडाशी कान नेऊन विचारायचा, “काय पायजे, आय?” ती ‘बा बा’ करायची, तो हताश व्हायचा. सखूला मात्र पंधरा दिवसांतच सगळं कळायला लागलं. अकरा वर्षं ती या बाईच्या भुवया आणि ओठ वाचत आली होती, दुसरं तिला वाचायला होतंच काय? आखूड ‘बा’ म्हणजे पाणी. लांबवलेला ‘बा’ आणि डावा हात दाराकडं म्हणजे ओटीवर न्या. दोनदा म्हटलं की अंगाखालचं ओलं झालंय.

सखूनं हे कोणाला सांगितलं नाही.

म्हातारीनं पाणी मागितलं की ती गोधडी घालायची. ओटीवर जायचं असलं की तोंडाशी पेज न्यायची. अंथरूण असं टाकायची की समोर नुसती भिंत यावी. मारलं कधी नाही, उपाशी ठेवलं नाही, अंग रोज पुसलं, कूस बदलली, पाठीला जखम होऊ दिली नाही. लोक तिची सेवा बघून थक्क व्हायचे. ज्या बायकांनी पोरांवर पदर घेतले होते, त्याच आता म्हणायच्या, “सून असावी तर अशी.” सखू ते ऐकायची. मग आत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडलेल्या म्हातारीकडं बघायची, आणि म्हातारीच्या डोळ्यांतला राग बघून तिचं पोट भरायचं. कारण म्हातारीला माहीत होतं. सुनेला सगळं कळतंय, हे त्या घरात दोघींनाच ठाऊक होतं.

वर्षभरानं वाशीच्या एका धर्मादाय दवाखान्याची समाजसेविका घरी येऊ लागली. केशरबाई तिचं नाव. मराठवाड्यातली, बौद्ध दीक्षा घेतलेल्या घरातली, नवऱ्याच्या नोकरीपायी इकडं आलेली. चाळिशीची, सावळी, पायांत रबरी चपला. वाचा गेलेल्या माणसाशी कसं बोलावं हे ती घरच्यांना शिकवायची. समोर बसा, एका वेळी एकच विचारा, हो किंवा नाही असं उत्तर येईल असं विचारा, आणि मग गप्प राहून वाट बघा.

पहिल्याच दिवशी सखूनं तिला घरातल्या सगळ्यांत चांगल्या कपात चहा दिला आणि म्हातारीच्या अगदी डोळ्यांपुढं बसवलं. बायजाबाईनं जन्मभर केशरबाईच्या जातीच्या माणसाला ओटीच्या वर येऊ दिलं नव्हतं. म्हातारीचा चेहरा वाकडा झाला. केशरबाईनं कप खाली ठेवला.

“चहा मी घेईन, सखूताई. पण सासूला टोचायला माझा वापर करू नका. मी काही सुई नाही.”

सखू चपापली. कान्हाला यातलं काही समजलं नाही.

तिसऱ्या खेपेला केशरबाई अंगणात चप्पल घालताना थांबली. “त्यांनी अर्धा आवाज काढला की तुमचा हात तांब्याकडं जातो, आणि मग तुम्ही तो मागं घेता. तुम्हाला कळतं त्यांचं.”

“मना काय कलत नाय.”

केशरबाई उभीच राहिली.

“कलतं,” सखू म्हणाली. “सगलं कलतं. मंग? मी अकरा वर्सं बोलत व्हती, तिला ऐकू येत नव्हतं. आता तिनं बोलावं.”

आणि तिनं तिथंच, वाळत घातलेल्या बोंबलांच्या दोरीखाली उभं राहून सगळं सांगितलं. ताप, चादर, कडी, दूध. केशरबाईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, “त्यांना माफ करा असं सांगायला मी आले नाही. पण बदला घेताय तर लपून का घेताय? कशाचा आहे ते तोंडावर सांगा. नवऱ्यापुढं सांगा. बघा, जमतंय का.”

पुढच्या रविवारी दुपारी चौघं एका खोलीत बसली. केशरबाईनं म्हातारीला उशांना टेकवून बसवलं आणि सखूला तिच्या समोर. कान्हा दाराशी उकिडवा बसला.

सखू बोलायला लागली ती थांबलीच नाही. “आय, मी दार वाजवत व्हती. तुला ऐकू येत व्हतं. तू ओटीवर बसून व्हतीस. माजी पोर माज्या मांडीवर ताठ झाली, मी तुज्या नावानं वरडत व्हती, आन् तू कडी नाय काढलीस. मंग भायेर सांगितलंस, माज्या दुधानं पोर खाल्ली. सांग आता, मी खाल्ली? मान हलव.”

म्हातारीनं डोळे मिटले.

“डोले उघड! कडी तू लावलीस ना? मान हलव!”

“कडी मी लावली,” कान्हा म्हणाला.

सखू वळली. तो जमिनीकडं बघत होता.

“आयनं डोल्यानं सांगितलं, मी लावली. दोनदा उठलो काढायला. धीर नाय झाला.”

बारा वर्षं या माणसाला तिनं डबा करून दिला होता. बारा वर्षं तो निरोप्यासारखा मध्ये बसून होता, आणि सखूला वाटायचं, बिचारा दोघींत भरडला जातोय.

तेवढ्यात बायजाबाईनं ओरडायला सुरुवात केली. डावा हात छातीवर आपटत ती ‘बा, बा, बा’ करत राहिली. केशरबाईनं सखूकडं बघितलं. गप्प राहणं सखूच्या हातात होतं.

“ती म्हनते,” सखू सावकाश म्हणाली, “त्याचा काय दोस नाय. मीच लावाला लावली.”

“असंच म्हणालात ना, आजी?” केशरबाईनं विचारलं. बायजाबाईनं मान हलवली, जोरात, दोनदा. माफी तिनं मागितली नाही. लेकाला वाचवायला तिनं गुन्हा अंगावर घेतला होता, आणि तो सखूच्याच तोंडून.

त्या दिवसापासून म्हातारीचं अंथरूण दाराकडं तोंड करून पडू लागलं. पाणी मागितलं की पाणी मिळू लागलं. प्रेम त्यात नव्हतं. या बाईनं निदान मान हलवली होती, तेवढंच तिचं देणं सखूनं चुकतं केलं. सगळा राग आता दुसऱ्या माणसाकडं वळला होता.

आधी तिनं कान्हाशी बोलणं टाकलं आणि थोरल्याकडून निरोप पाठवायला लागली. केशरबाईला ते कळल्यावर ती पहिल्यांदाच चिडली. “पोरांच्या तोंडात तुमचं भांडण घालू नका. तुमच्या सासूनं तेच केलं. राग तुमचा आहे ना, मग तुमच्या जिभेनं सांगा.”

सखूनं ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कान्हाच्या हातात डबा देताना तिनं त्याच्या डोळ्यांत बघितलं. लग्नापासून ती त्याला अहोजाहो करत आली होती.

“कडी तू लावलीस,” ती म्हणाली.

रोज सकाळी तेवढंच एक वाक्य, ना चढ्या आवाजात, ना रडून. कधी पाळी बदलून तो दुपारी निघायचा, तर दुपारी. कान्हा वाळत चालला. एकदा तो डबा न घेताच निघाला, तर ती फाटकापर्यंत मागं गेली आणि तेच वाक्य म्हणाली. त्यानं हात जोडले.

“काय करू सांग. पाया पडू?”

“गावात सांग. माज्या दुधाला गावात नाव ठेवलं व्हतं, घरात नाय.”

केशरबाईला हे पेलेना. हे फार कडक होतंय, असं तिनं एकदा सुचवून पाहिलं. सखू म्हणाली, “तुमीच बोलाला शिकवलं, बाई. आता किती बोलाचं ते माजं मी ठरवीन.”

सात महिने गेले. वैशाखात शेजारच्या हिरामणच्या मुलीचा साखरपुडा होता. मांडवात सगळी भावकी बसली होती, जेवणं व्हायची होती. कान्हा उठला. लोकांना वाटलं आहेर करतोय. अडखळत त्यानं गोजराचं नाव घेतलं. दाराला कडी आपण लावली होती, सखू पोरीला दवाखान्यात न्यायला निघाली होती, आणि दुधाची गोष्ट खोटी होती, हे त्यानं सांगितलं.

मग भावकीतली एक पोक्त बाई समजुतीच्या सुरात म्हणाली, “जाऊं दे, सखू. झालं तं झालं.”

“तुज्या पोरांवर तू पदर घेत व्हतीस,” सखू म्हणाली. “तू बोलू नको.”

आणि एकेका बाईकडं बघत ती बसून राहिली. घाई तिला नव्हती. एकेकीची नजर खाली जाईपर्यंत ती थांबली, मग पुढच्या तोंडाकडं वळली. सगळ्या संपल्या तेव्हा तिनं पान ओढून घेतलं आणि पोटभर जेवली.

दुसऱ्या सकाळी तिनं कान्हाला डबा दिला. तो दारात थांबून राहिला. ती काहीच बोलली नाही, भांडी घासायला बसली.