रेनेरियोसाठी प्रार्थना

डोंगरातल्या त्या कॉफीच्या गावात कुणी गेलं की पहिला निरोप ओबदुलियाला जायचा. फादर महिन्यातून एकदाच खालच्या शहरातून वर यायचे. मधल्या काळात मेलेल्यांना देवाच्या हवाली करणं हे तिचं काम. नऊ संध्याकाळी मयताच्या घरी जाऊन ती जपमाळेची प्रार्थना सांगायची आणि बायका मागून म्हणायच्या. आईकडून आलेले शब्द होते, झोपेतही चुकले नसते.

आणि नेमकं तेच तिला खुपायचं. तोंड पवित्र मरियेला हाक मारत असे, तेव्हा मन घरी मका भिजत घातलाय की नाही ते बघत असे. एकदा तिने फादरांना गाठलंच.

"फादर, मला अजून काहीतरी पाहिजे."

"काय पाहिजे, बाई?"

"तेच कळत नाही. बोलायला सगळं येतं, पण देवासाठी हातून काही होत नाही. आत नुसतं कोरडं."

फादर हसले. "चर्चमधल्या वेदीचं कापड विटलंय. नवं भरून दे."

तिने भरून दिलं. सुंदर झालं, सगळ्यांनी नावाजलं. ती होती तिथेच राहिली. मग उपास धरले. एकदा तर गुपचूप गावातल्या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाच्या पत्र्याच्या सभागृहातही जाऊन आली. तिथे गिटारवर गाणी चालली होती, माणसं हात वर करून रडत होती. ती मागे भिंतीला टेकून उभी राहिली. डोळ्यांत टिपूस आलं नाही. देवा, मला काहीतरी करायला दे, असं ती रोज म्हणायची.

त्या वर्षी जत्रेहून परतताना गावातल्या रेनेरियोचा ट्रक दरीत गेला. चालवणारा रेनेरियोच होता आणि तो प्यायला होता, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. मागे बसलेली गावातली सहा माणसं गेली. त्यांत ओबदुलियाच्या धाकट्या बहिणीची, फिदेलिनाची मुलगी येसेनिया होती. ओबदुलियाने सगळ्यांच्या घरी प्रार्थना सांगितली. अंगणं भरून वाहिली.

रेनेरियो इस्पितळात काही दिवस काढून मेला. त्याला पुरायला चार माणसं जमेनात. दुसऱ्या दिवशी त्याची म्हातारी आई, त्रान्सितो, ओबदुलियाच्या मागच्या दारी आली. पुढून यायचं धाडस झालं नसावं.

"दुसरं कुणी येणार नाही गं. तू येशील?"

"बघते," ओबदुलिया म्हणाली आणि दार लावून घेतलं.

चुलीपुढे बसून ती देवावर चिडली. मी मागितलं ते हे नव्हे. कुणाच्याही घरी पाठव, तिथे नको. पण संध्याकाळ झाली तशी तिने डोक्यावर ओढणी घेतली आणि जपमाळ उचलली. वाटेत फिदेलिना उभी होती. कुणीतरी सांगितलं असणार.

"कुठे चाललीस, ताई?"

"तुला ठाऊक आहे."

"माझ्या पोरीला मारलं त्याने. तुझ्या मांडीवर वाढलेली पोर! त्याच्यासाठी तोंड उघडलंस तर मला बहीण नाही, समजलं?"

"तो तर गेला, फिदे. त्याची आई एकटी बसलीय."

"बसू दे! मी नाही बसले?"

ओबदुलिया बहिणीला वळसा घालून पुढे गेली.

त्रान्सितोने मोठं पातेलं भरून कॉफी उकळली होती, खुर्च्या मांडल्या होत्या. कुणी आलं नाही. दोघीच बसल्या. ओबदुलियाने सुरुवात केली. 'आमच्या स्वर्गातील बापा' सुरळीत चाललं. पण 'जशी आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा केली' इथे आवाजच फुटेना. तिने पुन्हा प्रयत्न केला. येसेनियाचं ओलं, चिखलाने माखलेलं तोंड डोळ्यांपुढे आलं. उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच ती प्रार्थनेत अडली होती. त्रान्सितोने ते वाक्य हळूच पूर्ण केलं आणि मान खाली घातली.

ओबदुलिया उरलेल्या संध्याकाळीही गेली. ते वाक्य आलं की ती गप्प व्हायची आणि म्हातारी म्हणायची. प्रार्थना संपली तरी तिचं जाणं थांबलं नाही. त्रान्सितोची बोटं वाकलेली, तिला घागर उचलवत नसे. ओबदुलिया पाणी भरायची, लाकडं फोडायची. गावाने मयताच्या प्रार्थनेसाठी शेजारच्या वाडीतली बाई बोलवायला सुरुवात केली.

फादर आले, तेव्हा त्यांनी तिला बाजूला घेतलं. "तू फार मोठं काम केलंस."

"मोठं कसलं, फादर? मी त्याला माफ केलेलं नाही. ते वाक्य मी अजून गिळते. लाकडं फोडताना त्याला शिव्या देते. याला श्रद्धा म्हणायचं का?"

फादरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

त्या रविवारी चर्चमध्ये मिस्सेच्या उपासनेला ती त्रान्सितोला धरून घेऊन आली. दोघी शेवटच्या बाकावर बसल्या. एकमेकांना शांती द्या, असं फादर म्हणाले तेव्हा लोक वळून हात मिळवू लागले. ओबदुलिया उठली, सगळ्यांच्या देखत पुढच्या बाकापर्यंत गेली आणि फिदेलिनापुढे हात केला.

"शांती असो, फिदे."

फिदेलिना हाताकडे बघत राहिली. मग तिने तोंड फिरवलं. ओबदुलिया परत मागे आली आणि त्रान्सितोशेजारी बसली.

पुढच्या महिन्यात फादर आले, तेव्हा ती पुन्हा उठून पुढे गेली.