माहेरची माणसं

भाऊराव छत्तीसगढातल्या स्टील प्लांटमध्ये हेडक्लार्क होते, पण वैशाली नगरातल्या घरात हुकूम चाले तो सिंधुताईंचा. लॉकडाऊनच्या मे महिन्यात साठी उलटलेल्या या बाईनं सुपेल्याच्या चौकात पाण्याचे माठ मांडले. नागपूरकडून पायी गावी परतणारे मजूर तिथं थांबत. "वय काय अन् करून काय राहिली!" असं भाऊराव रोज म्हणत आणि निमूटपणे माठ भरून देत.

एका दुपारी केवलराम, त्याची बायको हर्षा आणि त्यांची छोटी समृद्धी तिथं आली. केवलराम तसा इथलाच, धमध्याकडचा. पण वर्षानुवर्षं नागपुरात इमारतींवर राबून जिभेला तिकडचं वळण लागलेलं. चौकातल्या हवालदारानं "कहाँ से?" विचारताच त्याच्या तोंडून निसटलं, "पायीच येऊन राहिलो जी, साहेब."

झालं! महाराष्ट्रातून आलेला माणूस म्हणजे तेव्हा साक्षात यमदूत. हवालदार मागं सरला. ओळखपत्रांची पिशवी वाटेतच हरवलेली. केवलराम घाईघाईनं छत्तीसगढीत गावाचं, बापाचं नाव सांगू लागला, तेवढ्यात लेकीनं उरलंसुरलं बुडवलं. "मले पानी पाह्यजे," ती म्हणाली. तिचा जन्मच तिकडचा, तिला दुसरी बोली येणार कुठून?

"बाहर के हैं. ट्रक में बैठाओ, बॉर्डर पर छोड़ो."

हर्षानं लेकीला जवळ ओढलं. इतकं चालून घर जवळ आलेलं, आणि आता पुन्हा सीमेवर!

सिंधुताईंचं डोकं सणकलं. मराठी बोलला म्हणून माणूस परका? मग प्लांटमध्ये उभी हयात घालवलेले भाऊराव कोण? त्या पदर खोचून पुढं झाल्या. "ये मेरे साथ जाएँगे."

"आपके कौन लगते हैं?"

खरं तर कोणीच नाही. पण ताई नागपूरजवळ, कामठीच्या रेल्वे क्वार्टरात वाढलेल्या. नागपूरकडून आलेल्यांना काय म्हणायचं, ते आपसूक ओठांवर आलं.

"मायकेवाले हैं," त्या ठणकावून म्हणाल्या. "मेरे घर में क्वारंटाईन रहेंगे. लिखो पता."

हवालदारानं पत्ता लिहून घेतला. गल्लीत मात्र काहूर उठलं. शेजारच्या रश्मीनं फाटकाबाहेरूनच विचारलं, "काकू, तुमाले काही झालं तं?"

"माहेरचे दारात आले, तं काय हाकलून देऊ?"

भाऊरावांनी वरची खोली झाडून दिली आणि "माहेर लयच वाढून राहिलं तुह्यं," एवढंच म्हणाले. ताटं जिन्यावर ठेवून ताई खाली येत. कोणी आजारी न पडता मुदत सरली. निघताना ताईंनी हर्षाची ओटी भरली, आणि रिकामी खोली पाहून दोन दिवस त्यांना करमलं नाही.

भाद्रपदात तिजा आली. इकडे या सणाला भाऊ येऊन सासरी असलेल्या बहिणीला माहेरी नेतो. सिंधुताईंना सख्खा भाऊ नाही, मराठी घरात ही रीतही नाही. लग्न होऊन आल्यापासून त्या दर वर्षी दुसऱ्यांच्या भावांना चहा पाजत आल्या होत्या.

त्या सकाळी दाराशी मोटारसायकल थांबली. धुतलेला सदरा, तोंडाला गमछा.

"कोण पाह्यजे?" भाऊरावांनी विचारलं.

गमछा खाली सरकवत केवलराम म्हणाला, "ताईले तिजाले न्यायले आलो जी. मी माहेरचा."

ताईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मग त्यांनी डोळे पुसले आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारली, "रश्मी, काकांच्या जेवनाकडे पाहजो वं! मले न्यायले भाऊ आला!"