पुसलेला फळा

शाळेतल्या सफाईच्या मावशींना बावीस वर्षांत एक खोड जडली होती. वर्गात पाऊल टाकलं की आधी फळा पुसायचा, मग केर काढायचा. त्यात डोक्याचं काही काम नव्हतं, हातच ते करून मोकळे होत.

गेले तीन आठवडे मात्र शाळा शाळा राहिली नव्हती. सीमेपलीकडून जीव मुठीत घेऊन आलेली माणसं सातही वर्गांत राहत होती आणि शाळेची मुलं घरी शिकत होती. म्हणजे मुलं घरी बसली होती आणि शिकवणं आयांच्या गळ्यात पडलं होतं. मोठ्या बाई दर सोमवारी अभ्यासाचे कागद पाठवत आणि खाली पालकांची सही मागत. मावशींचं काम दुप्पट झालं होतं. पूर्वी मुलं घरी गेली की संडासांना तरी सुट्टी मिळायची, आता तीही बंद झाली होती.

घरी नऊ वर्षांची लेक. प्रत्येक गोष्टीला हरकत घेते म्हणून तिला सगळे वकीलसाहेब म्हणत. तिला त्या माणसांचा रागच होता. "माझ्या बाकावर ते भांडी ठेवतात," हे तिचं रोजचं गाऱ्हाणं. आणि या आठवड्याच्या कागदाचा विषय नेमका तोच होता: घर सोडून आलेल्यांशी आपुलकीने कसे वागावे.

"प्रश्न चौथा," ती म्हणाली. "तुमच्या घरातल्या मोठ्यांनी त्यांच्यासाठी काय केले? सांग, काय केलंस?"

"त्यांचे संडास धुते. लिही."

"त्याचा तुला पगार मिळतो. ते धरत नाहीत."

मावशी भिंतीला पाठ टेकून बसल्या होत्या. पायांत गोळे आले होते. आज नेमका हाच प्रश्न यायचा होता!

त्याच दुपारी सगळी माणसं जेवणाच्या रांगेत असताना मावशी तिसरीच्या, म्हणजे लेकीच्याच वर्गात गेल्या होत्या. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच, एरवी वर्ग ती माणसंच झाडत. फळा पुसला, केर काढला, बाहेर येऊन फडकं पिळत होत्या, तेवढ्यात आतून रडारड ऐकू आली. त्या माणसांमधले एक म्हातारे मास्तर होते, त्यांना दोन्ही भाषा येत. त्यांनी सांगितलं, फळ्यावर वाटेत हरवलेल्यांची नावं होती. नवा ट्रक आला की उतरलेले लोक आधी फळा वाचत. कुणी कुणाला पाहिलं असेल, तर त्या नावाखाली कुठे, कधी ते लिहीत आणि पुढे जात. चाळीसएक नावं होती.

एक मुलगी दिवसभर त्या फळ्यापाशीच बसायची. तिच्या बोटांना खडू लागलेला होता. तिच्या आईने काही विचारलंसुद्धा नाही, फाडकन एक ठेवून दिली. मुलगी ना रडली, ना बोलली. मावशी दारात उभ्या होत्या, हातात तेच फडकं. मी पुसला, एवढंच तर म्हणायचं होतं. त्या बादली भरायला निघून गेल्या.

हे सगळं त्यांनी आता लेकीला सांगून टाकलं.

"म्हणजे तुझा मार तिने खाल्ला," लेक म्हणाली.

"हो."

"मग तिथेच का नाही बोललीस?"

"थकले होते गं. नोकरी जाईल असंही वाटलं."

वकीलसाहेबांनी यावर हरकत घेतली नाही. मावशींना तेच जास्त लागलं.

सकाळी दोघी शाळेत गेल्या. आठवून आठवून कुणी दहाबारा नावं पुन्हा लिहिली होती आणि बाकीच्यांवरून वाद चालला होता. मावशींनी मास्तरांना सगळ्यांसमोर सांगितलं, "फळा मी पुसला. त्या पोरीने नाही." मास्तरांनी ते त्यांच्या भाषेत सांगितलं.

मग ती मुलगी उठली. खडू घेऊन लिहायला लागली. नाव, त्याखालची ओळ, पुढचं नाव. तीन आठवडे तिने तो फळा रोज वाचला होता, सगळा पाठ होता तिला. पण कालपासून ती गुन्हेगार होती, तिला कोण विचारणार? वर हात पुरेना तेव्हा वकीलसाहेबांनी भांडी खाली उतरवली आणि आपला बाक ओढत फळ्यापाशी नेला.

एका नावाखाली मुलगी थांबली. तिथली ओळ काल दुपारी, ती जेवणाच्या रांगेत असताना कुणीतरी लिहिली होती, ती तिने वाचलीच नव्हती. लिहिणारा मास्तरांना 'फळ्यावर लिहिलंय' एवढंच सांगून ट्रकने पुढे गेला होता.

"कुणाचं नाव?" मावशींनी विचारलं.

"तिच्या वडिलांचं," मास्तर म्हणाले.

मुलीच्या आईने मावशींकडे एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं. मावशींनी माफी मागितली. मास्तरांनी ती सांगितली की नाही, ते त्यांना कळलं नाही.

संध्याकाळी लेकीने चौथ्या प्रश्नाचं उत्तर लिहून कागद पुढे केला. 'माझ्या आईने त्यांचा फळा पुसला. मार एका मुलीने खाल्ला. दुसऱ्या दिवशी आईने खरं सांगितलं. मुलीच्या बाबांच्या नावाखालची ओळ परत आली नाही.'

"हे मोठ्या बाई वाचतील," मावशी म्हणाल्या.

"खोटं आहे का?"

मावशींनी कागद जवळ ओढला. मग पेन घेतलं. एरवी त्या सही म्हणून नुसती एक वेलांटी काढत. आज त्यांनी आपलं पूर्ण नाव लिहिलं, सावकाश, कुणालाही वाचता येईल असं.