आईचा अंगठा आणि आमचा चहा

‘त्यात काय, सोडून द्यायचा!’ असं जो म्हणतो, त्यानं आयुष्यात काहीच सोडलेलं नसतं. हे वाक्य ऐकलं की आजही माझं टाळकं सरकतं. दारू सोडणाऱ्याची लोक निदान चौकशी तरी करतात. चहा आणि बाटलीतलं थंडं सोडणाऱ्याला हसतात. हसोत बापडे! मी दोन्ही एकदम सोडलं, तेही रांजणगावच्या कंपनीत लाइनवर उभी राहून. आणि कुणाच्या सांगण्यावरून नाही, आईशी भांडून.

घरात आम्ही दोघीच. आई आमच्या गावात, तळेगाव ढमढेऱ्यात अंगणवाडीची बाई होती. मी टीव्हीच्या आतल्या प्लेटांना स्क्रू मारायचं काम करायचे. टीव्ही तेव्हा पेटीएवढे जाड असायचे. कंपनीत चहाचं मशीन होतं. बटण दाबलं की दूध, साखर, पावडर सगळं एकत्रच बदाबदा पडायचं. बिनसाखरेचं बटणच नव्हतं त्याला. कॅन्टीनमध्ये काळ्या थंड्याच्या काचेच्या बाटल्या असायच्या. लाइनवर चढायच्या आधी चहा, मधल्या सुट्टीत चहा, जेवणावर थंडं, बसमध्ये बसताना पुन्हा थंडं. जेवण एकवेळ चुकलं तरी चालायचं, बाटली चुकली की मी अंगावर यायचे.

आईचं तसंच, फक्त तिला चहा लागायचा आणि तो पाकासारखा गोड. त्यातच तिच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला ठेच लागली आणि ती जखम भरेचना. हळद लावली, मलम लावलं, शेवटी मी सुट्टी टाकून तिला घोडनदीला डॉक्टरकडे नेलं. शिरूरला आम्ही घोडनदीच म्हणतो. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि माझ्याकडे न बघता आईलाच सांगितलं, “बाई, तुमची साखर फार वाढलीय. गोळ्या देतो, पण गोड चहा आजपासून बंद. नाही ऐकलंत तर हा अंगठा काढावा लागेल. आणि अंगठ्यावरच भागेल असं मी सांगत नाही.”

आईनं शहाण्या पोरीसारखी मान हलवली. बाहेर पडलो, एसटी स्टँडवर आलो, तर ही बया कॅन्टीनवाल्याला म्हणते, “एक फुल्ल दे रं. साखर जरा जादा.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “अगं आई, आत्ता काय सांगितलं त्या माणसानं? अंगठा तोडतील! साखर म्हणजे विष आहे तुला, कळतंय का?” स्टँडवरची माणसं वळून बघायला लागली. आईनं शांतपणे माझ्या हाताकडं बोट केलं. माझ्या हातात थंड्याची बाटली होती, नळी तोंडाजवळ.

“लोकां सांगे ब्रह्मज्ञान,” ती म्हणाली. “त्या काळ्या पाण्यात काय कडुनिंब हाय व्हय? आधी तू सोड. तू सोडून दाखीव, मग मी सोडते.”

“सोडला! चहा पण आणि हे पण!” मी अर्धी बाटली तशीच काउंटरवर आपटली. त्यातला एक घोट तरी आणखी घ्यायला हवा होता, हे मला बस सुटल्यावर सुचलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी राणी होते. मग कपाळाच्या मधोमध कुणीतरी एअरगननं स्क्रू मारायला सुरुवात केली. डोळ्यांच्या मागं ठणका, मानेपर्यंत कळ, आणि जांभया अशा की जबडा निखळेल. स्क्रू वाकडे बसायला लागले. सुपरवायझर आला, “क्या हो रहा है, सब रिजेक्ट जा रहा है,” म्हणाला. मी त्याला मराठीत असं काही ऐकवलं की तो न समजताही मागं सरकला. शेजारी बिहारची एक मुलगी असायची, जिवाची मैत्रीण. तिनं मशीनचा चहा आणून समोर धरला. “थोड़ा सा पी ले, पगली. दवाई समझ के.” त्या वाफेचा वास नाकात गेला आणि माझे डोळे भरून आले. खरं सांगते, चहासाठी मी रडले. तिला म्हटलं, “उचल ते, नाहीतर मी फेकून देईन.” तिनं निमूट उचलला आणि माझ्यासमोर पुन्हा कधी चहा प्यायली नाही, लांब जाऊन प्यायची. तिचे उपकार मी कुठं फेडू?

संध्याकाळी बसमध्ये बसले ते मेल्यासारखी झोपले. शिक्रापूरला उतरून गावची जीप धरायची, तर जाग आली सणसवाडीच्या पुढं. ड्रायव्हरला शिव्या घातल्या, त्याचा काय दोष! उलट्या गाडीनं परत आले. टपरीवरून चालताना उकळत्या चहाला, टपरीवाल्याला आणि त्याच्या स्टोव्हला मनातल्या मनात लाखोली वाहिली. घरी येऊन डोक्याला ओला पंचा घट्ट बांधला आणि भिंतीला टेकून बसले. आई समोर बसून बशीतनं चहा ओढत होती. मुद्दाम, आवाज करून.

“डोकं दुखतंय का?”

“नाही.”

“मग मुंडासं कशापायी बांधलंय? लगीन हाय का कुनाचं?”

मी पंचा आणखी आवळला. हरेन पण हिच्यासमोर नाही, एवढं एकच डोक्यात होतं. आणि सारखा तो अंगठा दिसत होता, पट्टीच्या बाहेर काळपट पडत चाललेला.

काय काय केलं मी! ओवा चावला. मीठ घालून ताक प्यायले. साखरेशिवाय लिंबूपाणी, तोंड कडू होईपर्यंत. तरी पोट साफ व्हायचं नाही, कुणी ‘कशी आहेस’ म्हटलं तरी वाटायचं हाणावी एक. मग मला शेंगदाणे-गुळाचा शोध लागला. जरा बरं वाटायला लागलं. आईनं डब्यात हात घालताना पकडलं. “वा गं शहाणे! गूळ काय उसाचा नसतो व्हय? आपल्या शिवाराला विचार.” आमच्या गावाच्या चारी अंगाला ऊस. गूळपण सोडला.

आठवडी बाजाराचा एक दिवस आला आणि गेला, मग एका सकाळी मी उठले आणि डोक्यात काहीच नव्हतं. ठणका नाही, भणभण नाही. बाहेर चिमण्या ओरडत होत्या ते नुसतं ऐकू आलं. त्या दिवशी माझा एकही पीस रिजेक्ट गेला नाही. घरी आल्या आल्या मी माझा कप घासून आईसमोर पालथा घातला.

“सोडून दाखवला. आता तू.”

मला वाटलं होतं ती टाळाटाळ करेल, थट्टा करेल. ती नुसती पायाकडं बघत राहिली. मग म्हणाली, “घरचा सोडते. आत्तापास्नं. पर लोकांच्या घरचा मला सोडता यायचा न्हाई.”

“म्हणजे? घरी पथ्य आणि गावात पाक? अंगठ्याला काय कळतंय कुणाच्या घरचा ते?”

“तुला न्हाई कळायचं.”

“मग सांग ना!”

तिनं सांगितलं. आम्ही बौद्ध. आई लहान होती तेव्हा तिच्या आईबरोबर मळ्यातल्या एका बागायतदाराकडं खुरपायला जायची. त्या घरी यांच्यासाठी एक कान तुटलेला कप गोठ्याच्या कोनाड्यात पालथा असायचा. घ्यायचा, पुढं धरायचा, वरून चहा ओतला जायचा, पिऊन झाला की धुऊन परत कोनाड्यात. पाण्याला तर कपही नव्हता. ओंजळ धरायची, वरनं ओततील तेवढं प्यायचं. पुढं आई शिकली, अंगणवाडीची बाई झाली. पहिल्यांदा त्याच घरी पोरांची नावं घालायला गेली, तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या आजींनी पडवीत खुर्ची टाकायला लावली आणि घरातल्या सेटमधल्या कपात चहा पाठवला.

“त्या दिवशी घरी येऊन मी रडले,” आई म्हणाली. “तवाच ठरवलं. ज्या घरी चहा विचारतील तिथं घ्यायचा, त्यांच्याच कपातनं घ्यायचा, आन् पुरा घ्यायचा. मी न्हाई म्हणलं की त्यांचं फावलं. म्हणतील, बरं झालं, बाईच नको म्हणती. मग उद्याच्याला विचारायचंबी बंद.”

मी आईला हावरी समजत होते. गावातले लोकही हसायचे, बाईंना चहा लागतोच म्हणून. तिच्यावर चिडावं, त्या कोनाड्यावर चिडावं, की त्या डॉक्टरवर, काही कळेना. “अगं पण पाय जाईल,” एवढंच म्हटलं. “पाय गेला तर कुणाच्या दारात जाशील?”

घरचा चहा मात्र तिनं त्याच घडीला बंद केला. आता पदर तिच्या डोक्याला आणि ताक माझ्या हातात. अंगणवाडीतल्या पोरांवर ती कधी ओरडली नव्हती, तेव्हा ओरडली. रोज संध्याकाळी मी तिची जखम धुवायचे आणि ती कण्हत म्हणायची, “तुझं डोकं असंच दुखत हुतं व्हय गं?” मी म्हणायचे, “नाही, माझं मुंडासं होतं.” हसायचो दोघी. पण जखम काही आटोक्यात येत नव्हती, कारण बाहेरचे कप चालूच होते.

मग पोलिओच्या डोसचा रविवार आला, आणि त्यानंतरची घरोघरची फेरी. त्या फेरीत आईच्या पोटात किती चहा जायचा ते मला माहीत होतं. मी कंपनीत पोट दुखतंय म्हणून सांगितलं आणि लसीचा डबा खांद्याला अडकवून तिच्याबरोबर निघाले. ती लंगडत पुढं, मी बडबडत मागं. पहिल्या घरी तिनं चहा घेतला. दुसऱ्या घरी घेतला. मी रस्त्यावरच थांबले. “आता आणखी एक कप घेतलास, तर मी आत्ताच्या आत्ता स्टँडवर जाऊन बाटलीच्या बाटली ढोसते. मग बस!”

“ढोस,” ती म्हणाली, पण तिचा आवाज पडला होता.

तिसरं घर मळ्यातलंच. तेच. पडवीत म्हाताऱ्या आजी बाजेवर बसलेल्या, आता डोळ्यांनी कमी दिसणाऱ्या. नातवाला आणि नातीला डोस पाजला, नखांवर खूण केली. सून ट्रे घेऊन आली. फुलाफुलांचे कप. “बाईंच्यात साखर जास्त घातलीय बरं का, त्यांना गोडच लागतो,” ती कौतुकानं म्हणाली.

आईनं कपाकडं पाहिलं. मग पायाकडं. पट्टी ओली झाली होती.

“चहा नको,” ती म्हणाली. “सोडलाय मी.”

“आं?” आजींनी मान वर केली. “सोडला? बरं बरं. ठेव गं तो आत.” मला त्या आवाजात सुटका ऐकू आली. खोटं कशाला बोलू, माझा जीव तुटला. अंगठ्यासाठी मीच हे मागितलं होतं, आणि मीच तिला हरताना बघत होते.

पण आई उठली नव्हती. “पाणी द्या,” ती म्हणाली.

कडेवर पोरगी आणि हातात फ्रिजमधली बाटली, स्टीलचा पेला घेऊन सून आली. आईनं मान हलवली. “फ्रिजचं बाधतं मला. माठातलं पायजे. तू राहू दे, पोरगी कडेवर हाय तुझ्या. मी घेते.”

आणि माझी आई उठली. चप्पल पडवीत काढली, भिंतीला हात धरून लंगडत उंबरा ओलांडला आणि सरळ त्यांच्या स्वयंपाकघरात गेली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतकी वर्षं या घरानं तिला चहा पाजला होता, पण पडवीतच. कप बदलला होता, आत मात्र तिला कुणी कधी बोलावलं नव्हतं. सून माझ्याकडं बघत राहिली. आजी बाजेची कड घट्ट धरून बसल्या. मी डबा खाली ठेवला आणि आईच्या मागं आत गेले. लावू दे कुणाला हात आम्हाला!

कोपऱ्यात तिवईवर माठ होता. आईनं मांडणीवरचे दोन पेले घेतले, माठाचं झाकण काढलं, ओगराळं आत बुडवलं. आधी माझा पेला भरला, मग तिचा. मी गटागटा प्यायले. ती सावकाश प्यायली, घोट घोट, चहा प्यावा तशी. पेले विसळले, झाकण जागेवर ठेवलं आणि बाहेर आली.

पडवीत आजी अजून बाजेची कड धरूनच होत्या. शेवटी आजींनीच विचारलं, “गार हाय का?”

“हाय की,” आई म्हणाली. “माठ चांगला हाय तुमचा.”

आमच्यामागं त्यांनी तो माठ घासला का फोडला, मला ठाऊक नाही, आणि माझी खेटरं विचारतात. पुढच्या फेरीला आई पुन्हा आत गेली. प्रत्येक घरी गेली. चहा नको, पाणी द्या, मी घेते. काही घरांत सुना धावत पुढं आल्या, काही घरांत दारं लोटली गेली. ज्यांनी दारं लोटली त्यांच्या दारात आई पाणी येईपर्यंत उभी राहायची. अंगठा भरायला पावसाळा सरावा लागला, पण तो राहिला. डॉक्टर म्हणाले, पथ्य पाळलंत म्हणून वाचला.

पण ते नंतरचं. त्या दिवशी आम्ही मळ्यातून बाहेर पडलो, दोन्ही बाजूंना ऊस, आई पुढं आणि मी मागं. आईनं चालता चालता पदरानं तोंड पुसलं आणि मागं न बघता म्हणाली, “उगंच गं इतकी वर्षं चहावर भागवलं.”