ताईचा ठेका

गल्लीत सगळे तिला ताईच म्हणत. दुपारी घराच्या पुढच्या खोलीत ती पोरांना गिटार शिकवायची आणि शिकवताना तिचा उजवा पाय जमिनीवर टकटक चालू असायचा. धाकटा भाऊ याच पायाशी बसून शिकला आणि जॅझ वाजवण्यात त्याने नाव काढलं. त्याच्या सुरावटीमागे कॉर्ड वाजवत ठेका धरून ठेवायचं काम मात्र ताईकडेच राहिलं.

आता दोघांच्याच गिटारींचा अख्खा अल्बम निघायचा होता. धाकट्याने हट्ट धरला म्हणून ताई होती. अल्बम काढणाऱ्या कंपनीच्या साहेबांना ती नकोच होती. पहिल्याच धुनेला त्यांनी स्टुडिओत दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं, मध्ये काच. तिचं वाजवणं वाटेल तेव्हा पुसता यावं म्हणून.

"आज जमलं नाही तर ताईंच्या जागी दुसरा माणूस," ते सरळच म्हणाले.

सकाळपासून जमत नव्हतं. धुनेच्या मध्यावर आला की धाकटा ठेका सोडून पुढे पळत सुटे.

"ताई मागे रेंगाळतायत," हेडफोनमधून साहेब बोलले.

खरंच आपला हात जड झाला की काय, असं ताईला वाटलं. तिने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि पुन्हा सुरुवात केली, पण या वेळी नजर भावावर ठेवून. पळायच्या जरा आधी तो मान वाकवून काचेखाली काहीतरी शोधत होता. काच कमरेपासून वर. खाली नुसती भिंत.

तो तिचा पाय शोधत होता.

साहेबांना सांगितलं असतं तर ती सुटली असती. पण एवढा नावाजलेला माणूस अजून बहिणीच्या पायाकडे बघून वाजवतो, हे तिच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. गिटार आणि खुर्ची उचलून ती त्याच्या खोलीत गेली.

"आता काय झालं?" साहेब दारात आले.

"काचेमागे गुदमरतं मला. इथंच बसते."

"इथे दोन्ही आवाज मिसळतात. तुमचं चुकलं तर पुसता येणार नाही. मग सरळ घरी जायचं. चालेल?"

"चालेल."

"ताई, कशाला जिवावर उदार होतेस?" धाकटा पुटपुटला.

"गप बस आणि वाजव."

मध्य आला. धाकट्याने मान खाली घातली, पायाकडे पाहिलं आणि निवांत पुढे गेला.

शेवटचा सूर विरल्यावर साहेबांनी सगळं पुन्हा लावून ऐकलं. "हे टकटक कशाचं?"

"माझ्या पायाचं," ताई ओशाळून म्हणाली.

"आता ते काढायचं कसं?"

आपली खुर्ची ताईच्या पायासमोर आणखी ओढून धाकटा पुढच्या धुनेसाठी तारा जुळवू लागला.