भावोजींचे जादा फॉरवर्ड

फायनलच्या आठवड्यात माणसाने मरू नये, एवढी साधी गोष्ट आमच्या नागोजीभावोजींना कळू नये... मी फुटबॉलमध्ये हवा भरत होतो, तेवढ्यात ताईचा फोन आला, "हे गेले रे." मी असा हंबरडा फोडला की मोठ्या देवळातल्या नंदीनेही मान वळवली असेल. रडून झालं, डोळे पुसले आणि पहिला विचार आला तो सुतकाचा. त्या क्षणी भावोजींचा जो संताप आला, तो अजून उतरलेला नाही.

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्ल्यांत आम्हा मराठी घरांचा एक फुटबॉल संघ आहे. भावोजी त्याचे कोच आणि मी, त्यांचा मेहुणा, मॅनेजर. म्हणजे लिंबं कापणारा. पुढच्या फळीत त्यांचा मुलगा प्रताप आणि पुतण्या तुळजा. प्रतापने किक मारली की चेंडू आणायला आम्हाला बस पकडावी लागे. पण दोन गोलांची आघाडी झाली रे झाली, की भावोजी या दोघांना बाहेर बोलावत आणि ऑटोवाल्या मुरुगनला नि मृदंग शिकणाऱ्या बालूला आत सोडत. मुरुगन मैदानातही ऑटोसारखाच, हात न दाखवता वळायचा. बालू बोटं जपायला हात काखेत धरून पळायचा. लोक तमिळमध्ये शिव्या देत, मी मराठीत.

"अय्यो भावोजी, गोल मारणारी पोरं बाहेर आणि हे वऱ्हाड आत?"

"मारणारे दोघंही एकाच घरातले, रे. घरात कोणी गेलं की एकदम दोघं सुतकात. आमच्या भावकीत म्हातारे काय कमी आहेत?"

"म्हातारे काय सामने बघून मरतात?"

"सेरी, सेरी, असू दे. तू लिंबं काप."

आणि मरतात हो! एकदा ऐन सेमीफायनलच्या आदल्या दिवशी कोइमतूरची कोणी चुलतआजी गेली. तिला आमच्यापैकी कोणी पाहिलंही नव्हतं. पुढची फळी घरी बसली, आम्ही हरलो. तेव्हापासून भावोजींनी हा हट्ट धरला. असं पुन्हा थोडंच होणार, म्हणून मी भांडत राहिलो. पुन्हा झालं, तेही भावोजींनी स्वतःच केलं.

मी तर फायनलमधून संघाचं नाव मागे घ्यायला निघालो होतो. ताई आतल्या खोलीतून कडाडली, "सगळे रविवार मला एकटीला बसवून त्या मुरुगन-बालूला शिकवलंन् ते कशाला? आज खेळला नाहीत तर ते सगळं फुकट गेलं, कळलं?" मेहुण्याला सुतक नसतं, त्यामुळे मलाही सुटका नव्हती. तिरुवैयारूच्या मैदानावर मुरुगन आणि बालू पुढे उभे राहिले. समोरचे बचावपटू ताडासारखे, त्यांच्या सावलीतच आमचा अर्धा संघ मावत होता. शेवटी बालू काखेतले हात सोडून जीव तोडून धावला, त्याने चेंडू आत ढकलला आणि मुरुगनच्या गुडघ्याला लागून गोल झाला. इतका कुरूप गोल मी जन्मात पाहिला नाही. जिंकलो.

मुरुगनने ऑटो थेट भावोजींच्या दारात नेली. डोकं भादरलेला प्रताप ओसरीवर आला. सुतकात त्याला शिवायचं नाही, म्हणून आम्ही रस्त्यावर, तो वर. मुरुगन तमिळमध्ये गोल सांगताना रडायला लागला. प्रतापने सगळं ऐकलं आणि हळूच विचारलं, "मामा, मग माझी जागा गेली का?"

आता सुतक फिटलंय. फॉरवर्ड चार, चौघंही फायनल खेळायच्या तोडीचे, आणि जागा दोन. ज्याच्याशी आयुष्यभर वाद घातला, तो माणूस वाद जिंकून निघून गेला आणि ही कटकट माझ्या गळ्यात अडकवून गेला... दर रविवारी कोणाला बाहेर बसवायचं, म्हणून चौघं माझ्या तोंडाकडे बघतात. आणि मी, इतक्या वर्षांच्या सवयीने, भांडायला तोंड उघडून शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे वळतो.