ऐकत नाही

माझा धाकटा भाऊ शाळेत जायला लागला तेव्हा पाच वर्षांचा होता, मी नऊचा. आमचं गाव निजामाच्या मुलखात, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर. शाळा चावडीच्या पडवीत भरायची आणि मास्तर एकच. ते हैदराबादकडचे, मुसलमान. मराठी त्यांना तोडकीमोडकी यायची. आमच्या घरात कन्नड. अव्वा म्हणजे आई, ती मराठी बोलायची बाजारापुरती. अप्पांचं किराणा दुकान असल्यानं त्यांना तिन्ही भाषा थोड्याथोड्या यायच्या, पण सरकारी माणसापुढं एकही यायची नाही.

धाकट्याला पहिल्या दिवशी सोडायला अप्पा आले. पायरी चढायची नव्हती तरी त्यांनी वहाणा काढल्या आणि खालूनच हात जोडून म्हणाले, "मांस तुमचं, हाडं आमची." म्हणजे लागेल तेवढं मारून शिकवा. मास्तरांनी मान हलवली. त्या दोघांत झालेलं बोलणं एवढंच. पुढं मास्तरांचं घरी आणि घरचं मास्तरांना सांगायचं काम माझ्याकडं आलं. मला उर्दू समजायची. याचा मला गर्व होता.

त्या उन्हाळ्यात धाकट्याला गोवर येऊन गेला होता. तेव्हापासून त्याचे दोन्ही कान वाहायचे. अव्वा लसूण घालून तेल कोमट करायची आणि कानात सोडायची. तो हाकेला ओ देईनासा झाला होता. घरी सगळे म्हणत, आजारपणात लाड झाले, हट्टी झालाय.

एक दिवस शाळा सुटताना मास्तर घाईत मला म्हणाले, "तेरा भाई सुनता नहीं. घर में बोल."

घरी अप्पा गूळ तोलत होते. मी कन्नडात सांगितलं, "केळंगिल्ल." म्हणजे ऐकत नाही. निरोप उर्दूतून कन्नडात आला आणि एक शब्दही सांडला नाही. पण तिन्ही भाषांत तो शब्द सांगितलेलं न मानणाऱ्यालाही लावतात.

अप्पांनी धाकट्याला हाक मारली. तो पाठमोरा बसून सुतळीला गाठी मारत होता. हलला नाही. अप्पा उठले आणि त्यांनी त्याच्या कानशिलात मारली.

"गोवरातनं उठलेलं लेकरू हाय," अव्वा आतून म्हणाली. घरातलं बोलणं कन्नडच, मी इथं मराठीत लिहितोय.

"परका माणूस निरोप धाडतोय. लाज गेली का न्हाई आपली?" अप्पा म्हणाले. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "थोरला तेवढा शहाना निघाला."

ते वाक्य मला आवडलं होतं. हेही लिहायला हवं.

दोनच दिवसांनी मास्तरांनी आम्हा दोघांना थांबवून घेतलं. धाकट्याला भिंतीकडं तोंड करून धूळपाटीवर अक्षर गिरवायला बसवलं आणि त्याच्या पाठीशी उभं राहून घंटेचा टोल दिला. घंटा म्हणजे टांगलेला रुळाचा तुकडा. मी दचकलो. धाकट्याचं बोट गिरवतच राहिलं.

"देखा? ये मस्ती नहीं है. कान खराब हुए हैं," मास्तर म्हणाले. "वालिद को बोल, सोलापूर के बड़े दवाखाने में दिखाना. देर नहीं करना."

मला शब्दन् शब्द समजला. तेव्हा लहान होतो असं आजवर मनाला सांगत आलो, पण नऊ वर्षांच्या पोराला एवढं कळतं. वाटेत धाकट्यानं माझं बोट धरलं होतं. त्याच्या कानाखाली अजून वळ होता. आता हे सांगितलं तर अप्पा विचारणार, मग त्या दिवशी काय सांगितलंस? तो मार माझ्यावर फिरेल, शहाणपण जाईल. दुकानात गिऱ्हाईक होतं. ते गेल्यावर सांगू, असं ठरवलं. ते गेलं.

"आज काय म्हनले मास्तर?"

"काय न्हाई."

पुढं मास्तर विचारत, "ले गए?" मी म्हणायचो, "जाएंगे बोले." मग म्हणालो, "गए थे. दवा दिया." मास्तरांनी धाकट्याच्या वाहणाऱ्या कानाकडं पाहिलं. "तुम लोगों को दुकान ज्यादा प्यारी है," एवढं म्हणाले आणि पुन्हा कधी विचारलं नाही. एकदा अप्पाच म्हणाले, मास्तरांना भेटून येतो. मी सांगितलं, "शाळेत कुनी आलेलं त्यांना आवडत न्हाई." अप्पांना ते लगेच पटलं. ती पायरी चढायची त्यांना भीतीच होती.

वर्षभरात रझाकारांचा जोर झाला. सोलापूर सरहद्दीपलीकडं, ती वाट बंद पडली. शाळा अर्धे दिवस भरेना. अप्पांनी धाकट्याचं नाव शाळेतून काढलं. "ऐकतच न्हाई त्याला काय शिकवायचं?" तो 'ग'पर्यंत आला होता.

हिंदुस्थानच्या फौजा आल्या त्या आमच्याच रस्त्यानं. सकाळी नळदुर्गाकडून तोफा ऐकू यायला लागल्या तेव्हा आम्ही दुकानाच्या मागच्या खोलीत पोत्यांआड दडलो. धाकटा मात्र खोलीच्या मधोमध चिंचोके मांडत बसला होता. जमीन हादरली की ओळ विस्कटायची, तो ती पुन्हा नीट लावायचा. अप्पा बघत राहिले. मग रांगत त्याच्या मागं गेले आणि त्याच्या कानाशी टाळी वाजवली. नाव घेऊन हाक मारली. धाकट्यानं आणखी एक चिंचोका मांडला.

"ह्याला ऐकूच येत न्हाई," अप्पा म्हणाले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "मास्तरांना एवढं बी कळलं न्हाई व्हय?"

"न्हाई," मी म्हणालो.

मास्तर तोवर गाव सोडून गेले होते, कुठं ते कुणाला ठाऊक नव्हतं. पुढं सोलापूरच्या डॉक्टरांनी कान तपासले आणि उशीर झाला म्हणून सांगितलं. अप्पांनी पुन्हा धाकट्यावर हात उचलला नाही. मरेपर्यंत मात्र म्हणत राहिले, "एवढा शिकलेला मानूस, लेकराला हट्टी म्हनून मोकळा झाला." मी ऐकून घ्यायचो.

आता दुकान धाकटाच चालवतो. गिऱ्हाईक बोटांनी सांगतं, तो तोलून देतो. मी शिकलो, नोकरीला लागलो. हे सगळं त्याला सांगायला हवं, पण तोंडानं सांगावं तर ऐकू येत नाही आणि लिहून द्यावं तर वाचता येत नाही. दोन्ही माझ्यामुळं.

मागच्या महिन्यात गेलो तेव्हा त्याच्यासमोर बसलो. त्याच्या कानाला हात लावला, मग माझ्या छातीला, मग माझ्या कानाला, आणि हात जोडले. त्यानं वाकून माझ्या कानात पाहिलं. मग उठून आत गेला. वाटीत लसूण घालून कोमट केलेलं तेल घेऊन आला, माझ्या शेजारी बसला आणि माझं डोकं मांडीवर घ्यायला हात पुढं केला.

मी मान कलती केली.